लेकाच्या नावानं येणारी पाकिटं

आमच्या लेकाकडे परदेशी टपालाचं एकही तिकीट नव्हतं, हे आधी सांगून टाकते. लोक म्हणायचे, बाईंच्या मुलाला परदेशी तिकिटांचा नाद होता. तसं नव्हतं. ती तिकिटं परदेशी पैशात मिळायची, आणि तो पैसा आमच्या घरात कुठून येणार? त्याच्याकडे होतं ते सगळं तिकिटांच्या जाहिरातीचं सामान. भिंतीवर लावायची पोस्टरं, पत्र्याचे बिल्ले, पुस्तकात खुणेला ठेवायच्या रंगीत पट्ट्या, पुठ्ठ्याचा एक मुखवटा. ते फुकट यायचं, टपालानं यायचं आणि त्याच्या नावानं यायचं.

हे नव्वदच्या दशकातलं, मधल्या वर्षांतलं. आम्ही तेव्हा नगरला, नागापूर एमआयडीसीच्या कडेला, वर पत्रे असलेल्या दोन खोल्यांत राहायचो. माझे मिस्टर एका वर्कशॉपमध्ये टर्नर होते. मी जवळच्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवायचे. मुलगा एकच. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी झालेला, त्यामुळे पुणतांब्याला सासूबाईंनी त्याचे जरा जास्तच लाड करून ठेवले होते.

एका रविवारी मी त्याला घेऊन माळीवाड्याकडे गेले होते, चप्पल घ्यायला. स्टँडजवळ जुन्या पुस्तकांची हातगाडी उभी असायची. मी चपलांचं बघत होते तेवढ्यात हा त्या गाडीवर गेला आणि एक इंग्रजी मासिक उचलून घेऊन आला. गुळगुळीत कागद, अर्धं कव्हर फाटलेलं. टपाल तिकिटं जमवणाऱ्यांसाठी निघणारं परदेशी मासिक होतं ते. मधल्या पानावर एका बेटावरच्या देशाची जाहिरात होती. त्या देशानं सुपरहिरोंची तिकिटं काढली होती. मूठ पुढे करून ढगांतून उडणारा एक, भिंत फोडून बाहेर येणारा एक, आणि केसांतून वीज निघणारी एक बाई. खाली एक कुपन होतं. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांनी नाव, वय आणि पत्ता लिहून पाठवला तर त्यांना बालसभासद करून घेणार आणि नव्या तिकिटांचं जाहिरातीचं सामान घरपोच पाठवणार, पैसे न घेता.

मी त्याला म्हटलं, मासिक जुनं आहे, आता कोण उत्तर देणार? तो म्हणाला, नाही दिलं तर नाही दिलं, पण लिहू तर या. त्याचं इंग्रजी नुकतंच सुरू झालं होतं, म्हणून कुपन मीच भरलं. त्या देशाचं नाव आम्ही कधी ऐकलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी शाळेतल्या जगाच्या नकाशावर मी शोधायला गेले, तर नेमकी त्या समुद्रावर नकाशाची घडी पडून भोक पडलेलं.

मिस्टरांनी ऐकलं आणि हसून सोडून दिलं. फुकट कोण कोणाला काय देतं, असं त्यांचं म्हणणं. कारखान्यात राहून माणसाचा जो स्वभाव होतो तो त्यांचा झाला होता.

पुढं आम्ही सगळेच ते विसरून गेलो. आणि उन्हाळ्यात, परीक्षा झाल्यावर, पोस्टमननं दारातून हाक मारली. त्याच्या हातात पुठ्ठा घातलेलं मोठं तपकिरी पाकीट होतं आणि त्यावर टाईप केलेलं आमच्या लेकाचं नाव. नावाच्या आधी ‘मास्टर’ असं लिहिलेलं. ते वाचून लेक हसायलाच लागला. म्हणाला, ‘‘आई, तू बाई आणि मी मास्तर. आता मी पण शाळेत जाणार पगार घ्यायला.’’ मी त्याला सांगितलं, इंग्रजीत लहान मुलाला मान देऊन तसं लिहितात. त्याला ते पटलं नाही. त्या दिवसापासून वाडीतल्या पोरांनी त्याला मास्तर म्हणावं, असा त्याचा हुकूम होता.

त्या पाकिटात घडी घातलेलं एक पोस्टर होतं, दोन बिल्ले, एक मुखवटा आणि अल्बमची पानं. त्या पानांवर चौकटी छापलेल्या होत्या आणि प्रत्येक चौकटीत बारीक अक्षरात लिहिलेलं, इथं तिकीट लावा. तिकिटं तर नव्हती. म्हणून त्यानं ती स्वतः काढायला सुरुवात केली. ड्रॉइंगच्या कागदावर स्केचपेननं चित्र काढायचा आणि मग माझ्या शिलाई मशीनवर बसायचा. सुईत दोरा न ओवता तो कागद मशीनखालून सरळ रेषेत चालवायचा. सुईची भोकं पडत जायची आणि कागद खऱ्या तिकिटासारखा दातेरी फाटायचा. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. माझ्या दोन सुया बोथट झाल्या, मी ओरडले, पण मलाही ते बघत राहावंसं वाटायचं.

त्याच्या तिकिटांवरचे हिरो आपल्याकडचे असायचे. एक होता तो सीना नदीचा पूर हातानं थोपवून धरणारा. एकाच्या डोळ्याला कारखान्यात लावतात तसला चष्मा होता आणि त्याच्या बोटातून लोखंडाच्या बावऱ्या निघत होत्या. टर्नर लोकांच्या कपड्यांना चिकटून घरी येतात त्या लोखंडाच्या वळलेल्या चिंध्या. मिस्टरांनी ते चित्र बराच वेळ हातात धरलं. म्हणाले, ‘‘माझं नाक एवढं मोठं न्हाई.’’ पण दुसऱ्या दिवशी कामावर जाताना त्यांनी तो कागद डब्याच्या पिशवीत घातला आणि दोस्तांना दाखवून आणला.

नंतर पाकिटं येत राहिली. दोन-तीन महिन्यांनी एखादं. कधी नुसता माहितीपत्रकाचा कागद, कधी पोस्टर. भिंतीचा गिलावा जिथं पडला होता तिथंच पोस्टरं लावायची, अशी मिस्टरांची अट. गिलावा बराच पडलेला होता, त्यामुळे त्याची सोय झाली. शेजारच्या मित्राला त्यानं एक बिल्ला दिला. दोघं तो बिल्ला शाळेच्या शर्टाला आतल्या बाजूनं लावून जायचे, कारण बाहेरून लावला तर गुरुजी काढून घेत.

तो अकरा वर्षांचा असताना पावसाळा सरता सरता एक दिवस शाळेतून आला आणि डोकं दुखतंय म्हणाला. संध्याकाळी ताप भरला. गोळ्या आणल्या. दुसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या आणि मान वळेना. आम्ही त्याला रिक्षात घालून शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. ताप मेंदूत गेलाय, असं डॉक्टर म्हणाले. मेंदूज्वर. तिथल्या लोकांनी करण्यासारखं सगळं केलं. मी बघत होते, त्यांनी काही बाकी ठेवलं नाही. मधे एकदा तो शुद्धीवर आला तेव्हा त्यानं मला विचारलं, ‘‘आई, तुझी शाळा बुडतेय ना?’’ मी म्हटलं, सुट्टी काढलीय. बरं, म्हणाला. नंतर तो काही बोलला नाही.

त्यापुढचं मला सलग आठवत नाही. तो गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या दिवशी अंगणात पांढरी वस्त्रं नेसलेली माणसं दाटीनं बसली होती, भन्तेजी बोलत होते आणि माझ्या मनात एवढंच येत होतं, की सतरंज्या कोणाकोणाकडून आणल्यात ते लक्षात ठेवायला हवं.

मग ती कुजबुज सुरू झाली. त्या काळात पोरं सुपरहिरो बघून गच्चीवरून उड्या मारतात, असं जो तो बोलायचा. आमच्या घरात भेटायला येणाऱ्यांना भिंतीवर ती पोस्टरं दिसायची. मूठ पुढे करून उडणारा माणूस दिसायचा. आधी कोणी विचारलं नाही, नंतर आडून आडून विचारायला लागले. पडला होता का हो कुठून? डोक्याला मार लागला होता का? मी सांगायचे, तापानं गेला. ते मान हलवायचे, आणि मान हलवतानाही त्यांची नजर भिंतीकडे असायची. माझ्याच शाळेतल्या एका सहकारी बाईंनी मला जवळ घेऊन म्हटलं, असली चित्रं घरात ठेवायलाच नको होती. मी त्यांनाही सांगितलं, तापानं गेला.

एक जण स्कूटरवरून आला. कुठल्याशा छोट्या पेपरसाठी लिहितो म्हणाला. त्याला भिंतीचा फोटो हवा होता. मिस्टर दारातच उभे राहिले. त्यानं विचारलं, मुलानं उडी कुठून मारली? मिस्टरांनी त्याला वर बघायला सांगितलं. म्हणाले, ‘‘पत्र्याचं घर हाय आमचं. कुठून मारंल उडी? तापानं गेला तो.’’ तो माणूस स्कूटर वळवून निघून गेला. पेपरात काही आलं की नाही, आम्ही बघितलं नाही.

शेजारच्या मित्राची आई एके दुपारी आली. वर्तमानपत्राच्या तुकड्यात काहीतरी गुंडाळून आणलं होतं. उंबऱ्याच्या आत आली नाही. म्हणाली, ‘‘ताई, हे तुमच्याकडेच राहू द्या. वाईट वाटून घेऊ नका.’’ ती गेल्यावर मी पुडी सोडली. आत तो बिल्ला होता. तिचं काही चुकलं, असं मी आजही म्हणणार नाही. तिला एकच मुलगा होता आणि तिला भीती वाटली. पण तो बिल्ला माझ्या हातात एवढासाच होता आणि मला तो उचलून फळीवर ठेवता येईना.

थंडी सुरू झाली तेव्हा एक दिवस पोस्टमन फाटकापाशी येऊन थांबला. हाक मारली नाही. मीच बाहेर आले. वयस्कर माणूस, रिटायर व्हायला आलेला, आमच्या लेकाला तोही मास्तर म्हणायचा. त्याच्या हातात तपकिरी पाकीट होतं.

‘‘बाई, लई दिवस झालं हे माझ्या पिशवीत हाय,’’ तो म्हणाला. ‘‘नियमानं ‘मयत’ असा शेरा लिवून परत धाडायला पायजे. दोनदा पेन काढलं. माझ्याच्यानं लिहवंना.’’

मिस्टर दुसऱ्या पाळीला जायचे होते, म्हणून घरी होते. ते माझ्या मागून आले, पोस्टमनच्या हातातून पाकीट घेतलं आणि म्हणाले, शेरा मारू नका, इथून पुढंही येईल ते आणून देत जा. पोस्टमननं माझ्याकडे बघितलं. मी आत निघून गेले.

मिस्टरांनी ते पाकीट चाकूनं कडेकडेनं उघडलं. लेक तसंच उघडायचा, पाकीटही जपायचं म्हणून. आत नवं पोस्टर होतं. ते त्यांनी भिंतीला लावलं, आणि ते मागच्या खोलीत नाही, बाहेरच्या खोलीत, येणाऱ्याच्या नजरेला पहिलं पडेल असं. मला वाटतं, ते त्या लोकांना उत्तर होतं. पण मला ते बघवत नव्हतं. मी म्हटलं, ‘‘मला हे घरात नको.’’ ते चिडले नाहीत. विचार करून म्हणाले, ‘‘मग कुठं ठेवू? तू सांग, तिथं ठेवतो.’’ पोस्टर राहिलं.

त्यानंतर जो माणूस फुकटच्या कागदाला हसत होता, तोच त्या कागदांची देखभाल करायला लागला. सुट्टीच्या दिवशी ते सगळं सामान काढून बसायचे. पोस्टरच्या घड्या ओल्या फडक्यानं दाबून सरळ करायचे, बिल्ल्यांना मशीनचं तेल लावायचे. डिक्शनरी आणली आणि एकेका माहितीपत्रकाचा अर्थ लावायला लागले. मी माझी कामं करत राहायचे. आमच्यात भांडण नव्हतं. पण ते त्या खोलीत असले की मी दुसऱ्या खोलीत असायचे.

एकदा त्यांनी पुण्यात तिकिटांचं प्रदर्शन आहे असं वाचलं आणि पहाटेच्या एसटीनं गेले. मला वाटलं, आता ती खरी तिकिटं घेऊन येतील. संध्याकाळी मोकळ्या हातानं आले. मी न विचारता त्यांनीच सांगितलं. एका व्यापाऱ्याच्या टेबलावर ती होती, त्या बेटाची, सगळी. त्यानं चिमट्यानं उचलून दाखवली. एवढीशी.

‘‘मग घेतली का नाहीत?’’ मी विचारलं.

‘‘त्याला तिकीट नकोच हुतं गं,’’ ते म्हणाले. ‘‘त्याला पाकीट यायला पायजे हुतं.’’

हे मला कळायला हवं होतं, कारण कुपन मी भरलं होतं. पण ते त्यांना कळलं. त्या दिवशी मी त्यांना जेवायला वाढलं आणि कितीतरी दिवसांनी त्यांच्यासोबत ताट घेऊन बसले.

पुढं सासूबाई पुणतांब्याहून राहायला आल्या. त्यांच्यासमोरच पाकीट आलं. कोणाचं पत्र म्हणून त्यांनी विचारलं. मिस्टरांनी लपवलं नाही. आतला कागद त्यांना मराठीत सांगितला, की प्रिय सभासद, यंदा समुद्राच्या तळाशी राहणाऱ्या एका हिरोचं तिकीट निघतंय, तुला ते आवडेल. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

‘‘त्यांना ठावं न्हाई व्हय?’’ त्या म्हणाल्या.

‘‘न्हाई.’’

‘‘मग नका सांगू. एका जागी तरी हाय म्हनू दे त्याला.’’

मी कणीक मळत होते. माझे हात तसेच परातीत राहिले. मला इतके दिवस ती पाकिटं म्हणजे कोणीतरी जखमेवरची खपली काढतंय असं वाटत होतं. सासूबाईंना शाळा नव्हती, त्यांनी त्या चित्रांकडे धड बघितलंही नाही, पण त्यांना त्यात नातू दिसला. मला कोणाचा राग येत होता आणि तो कुठं गेला, ते मला सांगता येणार नाही.

वर्षाच्या सुरुवातीला, ती तिकिटं विकणाऱ्या आणि पाकिटं पाठवणाऱ्या कंपनीचं एक कार्ड यायचं. सभासद राहायचं असेल तर ते भरून परत पाठवायचं. नाव, पत्ता, या वर्षी वय किती, आणि कुठला हिरो जास्त आवडतो. त्या जानेवारीत मी वह्या तपासत बसले होते. मिस्टर कार्ड आणि पेन घेऊन आले आणि समोर बसले.

‘‘इथं वय विचारलंय. किती लिहू?’’

मी लाल पेन खाली ठेवलं. त्यांनी ते सहज विचारलं नव्हतं. मी म्हटलं, ‘‘बारा.’’

त्यांनी कार्ड माझ्याकडे सरकवलं. पहिल्यांदा माझंच अक्षर होतं, म्हणून याही वेळी मीच लिहावं, असं म्हणाले. मी लिहिलं. आवडता हिरो या रकान्यापाशी आम्ही दोघंही अडलो. शेवटी ती केसांतून वीज निघणारी बाई लिहिली, कारण ती त्याची आवडती होती.

मग ते दरवर्षीचं झालं. पुढच्या जानेवारीत मी तेरा लिहिलं. आणि तेरा लिहिलं तेव्हा मला पहिल्यांदा असं वाटलं, की तेरा वर्षांच्या मुलाला अजून तीच बाई आवडत असेल का? माझ्या शाळेत एवढी मोठी मुलं नव्हती. मी शेजारच्या त्या मित्राकडे बघायला लागले. तो आता सायकलवरून हायस्कूलला जायचा. पँट आखूड झालेली, आवाज फुटलेला. मला बघितलं की मान खाली घालायचा. मी त्याच्यावरून माझ्या मुलाचं माप काढत होते. एवढी उंची झाली असती, आता मला बरोबरीनं पिशवी उचलू लागला असता, आता त्याला मी सगळ्यांसमोर जवळ घेतलेलं आवडलं नसतं. एकदा वाणसामानाच्या दुकानात मी त्या मुलाला सहज विचारल्यासारखं विचारलं, तुला अजून ते सुपरहिरो आवडतात का रे? तो लाजला. नाही काकू, म्हणाला, आता क्रिकेट. त्या वर्षी कार्डावर आम्ही आवडत्या हिरोचा रकाना मोकळा सोडला.

मग चौदा. आणि त्यानंतरच्या जानेवारीत कार्ड आलं, तेव्हा ते आमच्यामध्ये कितीतरी दिवस तसंच पडून राहिलं. बालसभासदाची मर्यादा चौदा होती, हे मला पहिल्या कुपनापासून ठाऊक होतं. मिस्टरांनाही आता माहीत होतं. डिक्शनरी घेऊन त्यांनी एकूण एक बारीक अक्षर वाचलं होतं.

शेवटी एका रविवारी सकाळी ते कार्ड घेऊन बसले. म्हणाले, ‘‘चौदाच लिहू. त्यांना काय कळतंय?’’

‘‘गेल्या वर्षी चौदा लिहिलंय,’’ मी म्हटलं. ‘‘दोनदा चौदा कसा होईल तो?’’

‘‘नापास झाला समजू.’’

मला हसू आलं. खरंच आलं. मास्तरीण बाईंचा मुलगा नापास. तेही हसले, आणि हसता हसता त्यांचा चेहरा बदलला. दवाखान्यातून आल्यापासून मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं. लोकांसमोर नाही आणि माझ्यासमोरही नाही. त्या सकाळी ते पेन हातात धरून रडले, आवाज न दाबता, आणि मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसले. शेजारी कोणीतरी रेडिओ बंद केला.

रडणं थांबल्यावर त्यांनी मलाच विचारलं, काय करायचं. मी म्हटलं, आपण त्याला इतकी वर्षं वाढवलं. बारा केलं, तेरा केलं, चौदा केलं. आता त्याला मागं ओढायचं नको. हे बोलताना माझ्या मनात सगळं स्पष्ट होतं, असं नाही. पण मी वर्गात मुलांना पुढं पाठवणारी बाई. एका इयत्तेत मूल दोनदा बसवताना मला नेहमीच त्रास व्हायचा. आम्ही पंधरा लिहिलं. पत्र टाकायला दोघं चालत गेलो.

उन्हाळ्यात उत्तर आलं. नेहमीचं पाकीट नव्हतं, साधं पातळ पत्र होतं. जुना पोस्टमन रिटायर झाला होता. नवीन मुलगा ते फाटकाला अडकवून गेला. आत छापील मजकूर होता. तू आता मोठा झालास, बालसभासद म्हणून तू आमच्याबरोबर राहिलास याचा आम्हाला आनंद आहे, तुझ्या पुढच्या आयुष्यासाठी खूप शुभेच्छा. खाली कोणाची तरी निळ्या शाईतली सही. ती सही छापलेली नव्हती, हातानं केलेली होती. मिस्टरांनी डिक्शनरी न घेता वाचलं. घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवलं आणि पाळीवर गेले.

मी दुपारभर घरात होते. मला वाटलं होतं, आपण मनाची तयारी केलीय. दवाखान्यात माझ्याकडे कागद आले होते, सह्या केल्या होत्या, दाखला मिळाला होता, शाळेतून त्याचं नाव कमी झालं होतं. तेव्हा मला ते सगळं दुसऱ्याच कोणाचं चाललंय असं वाटत होतं. त्या दुपारी मात्र मला कळलं, की आता त्याच्या नावानं आमच्या घरी काही येणार नाही. मी दार लावून घेतलं आणि त्याला नावानं हाका मारल्या. पहिल्यांदा हळू, मग मोठ्यानं. इतक्या वर्षांत मी ते नाव तोंडातून काढलं नव्हतं, आणि ते उच्चारायला मला जड गेलं नाही.

त्याच वर्षी मिस्टरांना सुप्याच्या नव्या कारखान्यात काम मिळालं. जायच्या आधी घरमालकाला घर रंगवून द्यायचं होतं, म्हणून पोस्टरं काढावी लागली. मागं गिलाव्याचे पडलेले खड्डे होते तसेच होते. मिस्टरांनी वर्कशॉपमधून प्लॅस्टिकच्या पाइपाचा एक तुकडा आणला आणि पोस्टरं गुंडाळून त्यात घातली. बिल्ले, मुखवटा, लेकानं काढलेली तिकिटं एका डब्यात. ते शेवटचं पत्र त्यांनी कुठं ठेवलं ते मी विचारलं नाही.

सुप्याला पहिल्या मजल्यावर सिमेंटचं घर मिळालं, भिंती गुळगुळीत. सामान लावून झाल्यावर मिस्टर तो पाइप हातात घेऊन बाहेरच्या खोलीत उभे होते. कुठं लावू, असं त्यांनी विचारलं नाही. मग ते स्टुलावर चढले आणि पाइप माळ्यावर ठेवला, आतल्या बाजूला, भिंतीला टेकवून. खाली उतरून हात झटकले आणि म्हणाले, पाण्याची वेळ झाली, नळ बघायला हवा. मी बादल्या घेतल्या आणि आम्ही दोघं खाली गेलो.